होळीपर्यंत झाकू नका, ऊन पडल्यावर काढा

काका, नमस्कार. मी लातूरला राहते, कॉलेजात शिकवते. बाबा गेल्यावर त्यांची १९५८ सालची एमजीए ही ब्रिटिश मोटार माझ्याकडे आली. लाल, दोन सीटची, कापडी टपाची. बरीच वर्षं ती हैदराबादला एका नातेवाइकांच्या गॅरेजात पडून होती. पावसाळाभर मिस्त्रीकडून इंजिन आणि ब्रेकचं काम करून घेतलं आणि दसऱ्याला पूजा करून रस्त्यावर आणली. दिवाळीपर्यंत झकास चालली. थंडी पडली तशी मात्र सकाळी साडेसहाला कॉलेजला निघायचं म्हटलं की सुरूच होत नाही. झाली तर फटफट आवाज करून बंद पडते. काचेवर आतून वाफ धरते ती वेगळीच. पुण्याचा भाऊ म्हणतो, इंग्रजी पुस्तकांत सरळ लिहिलंय, अशा गाड्या हिवाळ्यात बाहेर काढत नसतात. बॅटरी काढ, ताडपत्री टाक, होळीनंतर बघू. शिवाय विंटेजची नवी नंबरप्लेट घे म्हणतो, रुबाब वाढेल. आई म्हणते, येळवशीला (वेळ अमावास्येला) याच गाडीतून शेतावर जाऊ, तुझे बाबा न्यायचे. शेत निलंग्याच्या अलीकडे आहे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, लातूर

ताई, आईचं ऐका, पण येताना घड्याळ बघून निघा. भावाचं वाचन खोटं नाही, फक्त ते इंग्लंडचं आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी चासीत, दारांच्या खालच्या पट्टीत, मडगार्डच्या शिवणीत जाऊन बसतं आणि दोन-चार हिवाळ्यांत पत्रा खाऊन टाकतं. म्हणून तिकडचे शौकीन ऑक्टोबरात गाडी आत घेतात. लातूरच्या हिवाळ्यात मीठही नाही आणि पाऊसही नाही. हवा कोरडी, दुपारचं ऊन कोवळं. गाडी झाकायचीच असेल तर आपल्याकडे ती जून ते सप्टेंबर झाका. एप्रिल-मेमध्येही दुपारी काढू नका. त्या उन्हात पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात उभी राहते. उरले दिवाळी ते होळीचे महिने. मराठवाड्यात उघड्या गाडीला याहून चांगला मोसम नाही, आणि भाऊ नेमका तोच बंद करायला निघाला आहे.

झाकून ठेवल्याने गाडी सांभाळली जाते हाही गैरसमज आहे. ताडपत्रीखाली ओल कोंडते. शेतातली खरिपाची रास घरी आली की उंदरांना ऊबदार जागा हवी असते. सीटचं भरण आणि जुन्या वायरींवरचं कापडी वेष्टण त्यांना फार आवडतं. ब्रेकचे सिलिंडर न हलता बसले की आतून गंज धरतात. आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धी टाकी तीन महिने तशीच राहिली तर ते पाणी तळाशी बसून पत्र्याची टाकी आतून गंजवतं. गंमत अशी की तुमच्याच मांजरा काठचा ऊस कारखान्यातून फिरून तुमच्याच टाकीत येतो. या गाडीच्या एसयू कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, जेटभोवती बुचाच्या चकत्या असतात, त्या आणि जुने रबरी पाइप इथेनॉलने खराब होतात. इथेनॉल सोसणारे नवे पाइप मिस्त्रीने घातलेत का, हे एकदा विचारा. नसतील तर बाकी सगळं राहू द्या, आधी ते काम करा. गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल ठिबकणं हा थट्टेचा विषय नाही.

आता सकाळच्या नखऱ्यांकडे येऊ. तुमच्या पत्रातला ‘फटफट आवाज’ मला उपयोगी पडला, कारण त्यातून मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, हे कळतं. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यात इथेनॉलला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि त्याच्यात ऑक्सिजन आधीच असल्यामुळे हवा-पेट्रोलचं गणित आणखी पातळ होतं. १९५८ चं कार्बोरेटर यासाठी बसवलेलंच नाही. मिस्त्रीला सांगा, दोन्ही कार्बोरेटरचे जेट-नट सारखेच, एक-दोन पैलू खाली घे आणि मग प्लगचा रंग बघ. फिकट तपकिरी आला की थांब. पांढरट राहिला तर अजून थोडं. दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळलेले नसतील तर थंडीत ते सगळ्यात आधी कळतं, म्हणून तेही त्याच बैठकीत करून घ्या.

सुरू करायची पद्धतही बदला. आपल्याला ॲक्सिलरेटर दोन-चारदा दाबायची सवय असते. या कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंपच नाही, त्यामुळे तुम्ही कितीही पाय मारला तरी पेट्रोलचा थेंब जास्त जात नाही. किल्ली फिरवा आणि थांबा. मागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येईल. ती मंदावली म्हणजे कार्बोरेटर भरले. मग चोकची मूठ पूर्ण ओढा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि स्टार्टरची मूठ ओढा. इंजिन धरलं की चोक अर्धा आत, आणि अर्ध्या-एक मिनिटात हळू चालवत निघा. चोक विसरून तसाच ठेवलात तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. निघाल्यावर ॲक्सिलरेटर दिला की गाडी अडखळते का? मग कार्बोरेटरच्या डोक्यावरची पितळी टोपी उघडून बघा. आतल्या दट्ट्याला पातळ, २० ग्रेडचं ऑइल लागतं. बरेच मिस्त्री तिथे काहीच घालत नाहीत, काही जण गिअर ऑइल ओततात. गिअर ऑइल थंडीत इतकं घट्ट होतं की दट्ट्या वर यायला तयार होत नाही. पॉइंटचा गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा २५ थाऊ, हे मिस्त्रीला सांगायची गरज पडू नये, पण सांगा.

मिस्त्रीवरून आठवलं. एमजीए १५०० चं १,४८९ सीसीचं इंजिन आणि आपल्या ॲम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं आहे, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजमधलं. तेव्हा परदेशी गाडीचा तज्ज्ञ शोधत मुंबई-पुण्याला जाऊ नका. लातूर-नांदेडात सरकारी पांढऱ्या ॲम्बेसेडर ज्याने आयुष्यभर उघडल्या आणि बंद केल्या असा एखादा वयस्क मिस्त्री अजून असतोच. तो या इंजिनचा आवाज ऐकून दुखणं सांगेल. ॲम्बेसेडर बनायची २०१४ साली थांबली, त्यामुळे ही पिढीही कमी होत चालली आहे, हेही खरं. मात्र ‘सगळे पार्ट ॲम्बेसेडरचे बसतात’ असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. तुमच्या इंजिनला दोन कार्बोरेटर आहेत आणि ते जास्त ताकदीसाठी बांधलेलं आहे. जुना पार्ट काढून नव्याशेजारी ठेवायचा, मोजायचा, मगच बसवायचा.

बॅटरीचं एक प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण त्यात गाडी जळू शकते. या गाडीला बारा व्होल्टची एक नव्हे, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे फळीखाली असतात, आणि कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा प्लस बॉडीला जोडलेला होता. आजच्या सगळ्या गाड्यांचा मायनस बॉडीला असतो. काही मिस्त्री तो बदलून घेतात, म्हणून आधी फळी उघडा आणि बॉडीला कोणती तार गेली आहे ते डोळ्यांनी बघा. प्लस असेल तर स्टिअरिंगजवळ ‘प्लस बॉडीला आहे’ असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवा, म्हणजे दुसऱ्याच्या हाती गाडी गेली तरी त्याला कळेल. सकाळी शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घ्यायची वेळ आली तर लाल तार प्लसला, काळी मायनसला, थेट बॅटरीच्या खांबांवर. सवयीने एखादी क्लिप बॉडीला लावू नका, आणि दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकू देऊ नका. टेकले तर शॉर्ट. मोबाइलचा चार्जर, एलईडी बल्ब, नवा रेडिओ, यातलं काहीही लावताना हाच प्रश्न आधी विचारायचा. दोन बॅटऱ्यांपैकी एकच बदलायची कंजुषीही करू नका, जुनी नवीला ओढून खाली आणते.

आणि अंगणात दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करायचं हे ‘औषध’ देत असाल तर थांबवा. तुमच्या गाडीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. हळू फिरताना तो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. म्हणजे सुरू करताना बॅटरीने दिलेलं परत मिळत नाही, आणि अर्धवट तापलेल्या इंजिनात, सायलेन्सरात पाणी साचतं ते निराळं. चालवायची तर पंचवीस-तीस किलोमीटर चालवा, नाहीतर हात लावू नका. आठवड्यातून एकदा औसा गाठून परत आलात तरी भागतं.

त्या औशाच्या फेरीत एक गोष्ट पाहा. पाण्याच्या तापमानाचा काटा किती चढतो? शंभर-सव्वाशे फॅरेनहाइटवरच रेंगाळत असेल, तर मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला आहे असं समजा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढायची आपल्याकडे जुनी रीत आहे. हिवाळ्यात त्याचा उलटा ताप होतो: इंजिन तापतच नाही, पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइलच्या टोपीखाली पांढरट साय धरते. ८२ अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट बसवा, काटा १६० ते १९० फॅरेनहाइटमध्ये राहील. ऑइल २०डब्ल्यू-५० च ठेवा. आपल्या थंडीत त्याहून पातळ कशाला?

पाणी गोठायची भीती लातूरला नाही, परभणीतही नाही. तरी रेडिएटरमध्ये कूलंट हवंच, गंजासाठी आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी. त्यात डिस्टिल्ड पाणी मिसळा. बोअरचं नको. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला बोअरचं पाणी बादलीत कसा पांढरा थर सोडतं हे मी काय सांगावं. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

एवढं सगळं केल्यावर गाडी सकाळी साडेसहाला पहिल्या ओढीत सुरू होईल. तरीही साडेसहाला तिला घेऊन निघू नका. माझं सगळ्यात ठाम म्हणणं हेच आहे, आणि ते गाडीच्या तब्येतीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. डिसेंबर-जानेवारीत लातूरला सूर्य उगवायलाच पावणेसात होतात. मांजराच्या पट्ट्यात, तलावांच्या कडेला धुकं त्यानंतरही तासभर बसून राहतं. आणि त्याच वेळी गाळप हंगाम जोरात असतो. रात्रभर भरलेल्या उसाच्या डबल ट्रॉल्या पहाटे कारखान्याकडे चाललेल्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला, आणि दोन्ही बाजूंना ऊस हात-दीड हात बाहेर आलेला. बैलांच्या टायरगाड्यांच्या रांगा तर धुक्यात दिसतच नाहीत, आधी घुंगरांचा आवाज येतो. बंद मोटारीत माणूस निदान छताखाली असतो. तुमच्या गाडीची उंची टप चढवूनही चार फुटांहून थोडीच जास्त. ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाची टोकं नेमकी तुमच्या काचेच्या आणि डोक्याच्या रेषेत येतात. हा हिशोब एकदा डोळ्यांपुढे आणा.

त्यात ब्रेक. चारही चाकांना ड्रम, पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही, आणि सर्किट एकच: एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक गेले, हातात फक्त हँडब्रेक. रात्रीची दवाची ओल ड्रममध्ये असते, म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक कमी लागतात किंवा गाडी एका बाजूला ओढते. कॉलनीतच चार वेळा हलके ब्रेक मारून ते कोरडे करा, मगच हमरस्त्याला लागा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी बाजूला छापलेला चार आकडी तारीख-कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. हैदराबादच्या गॅरेजात वर्षानुवर्षं उभे राहिलेले टायर असतील तर ते उतरवा, मग नक्षी कितीही असो. हवा सकाळी गार टायरमध्ये तपासा, थंडीत ती कमी झालेली असते.

दिव्यांबद्दल थोडक्यात. पुढचे दिवे मिणमिणते आहेत म्हणून जास्त वॅटचे हॅलोजन लावाल तर डायनॅमोला ते झेपणार नाहीत. कमी करंटचे एलईडी लावता येतात, पण मला पुढच्यापेक्षा मागच्या दिव्यांची काळजी जास्त आहे. त्या काळचे शेपटीदिवे इवलेसे असतात, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ते दिसले पाहिजेत. मागचे बल्ब आधी बदला, बंपरवर रिफ्लेक्टरची पट्टी लावा. अस्सलपणा बिघडला म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. सीटबेल्ट मुळात नसतात. चासीला पक्के बोल्ट मारून निदान कमरेचे तरी बसवून घ्या.

काचेवरची वाफ तुमच्याच श्वासाची. टप आणि बाजूचे पडदे लावून बसलं की ती बाहेर जायला वाट मिळत नाही, आणि हीटर या गाडीला बहुतेक नसतोच. बाजूच्या पडद्याची झडप उघडी ठेवा. खरा उपाय म्हणजे टप काढून चालवणं. उघड्या गाडीत वारा समोरून नव्हे, मागून मानेवर येतो, त्यामुळे कानटोपी आणि वर गळा बंद असलेलं जाकीट हवं. ओढणी, पदर, मफलर काहीही असो, ते आत खोचून गाठ मारा. १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात नर्तिका इसाडोरा डंकन उघड्या गाडीत बसून निघाली आणि तिची लांब स्कार्फ चाकात अडकून जागीच गेली. आईंना ही गोष्ट सांगा, घाबरतील, पण पदर खोचतील. सकाळी टप दवाने ओला असेल तर तसाच घडी घालू नका, आधी उन्हात वाळू द्या.

येळवस. औसा, लामजना पाटी, निलंगा हा रस्ता या गाडीसाठी छान आहे, आणि त्या दिवशी ऊस वाहतूकही जरा निवळलेली असते. पण आख्खं लातूर शेताकडे निघालेलं असतं, म्हणून साडेनऊ-दहापर्यंत निघा. तुम्ही दोघीच बसाल हे लक्षात असू द्या. डिकीचा बराच भाग स्टेपनीच खाते. भज्जीचं पातेलं आणि उंडे मांडीवर मावतील, अंबिलीचा डेरा मात्र भावकीतल्या कोणाच्या जीपमधून जाऊ द्या. त्या सीटवर आंबट ताक सांडलं तर होळीपर्यंत वास जाणार नाही. पांदणीत गाडी घालू नका. खाली जेमतेम सहा इंच मोकळं असतं आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा थेट ऑइल सम्पला लागतो. पाटीवर, ओळखीच्या आखाड्यावर लावा आणि पुढे चालत जा. लावताना खाली कडबा, पाचट, वाळलं गवत नाही ना ते बघा. इतक्या खाली असलेला तापलेला सायलेन्सर ते पेटवू शकतो. संध्याकाळी शेताभोवती पेटता हेंडगा फिरवेपर्यंत थांबायचा मोह होईल, पण त्या दिवसांत सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. चारला निघा. हेंडगा बघायचाच असेल तर गाडी तिथेच मुक्कामी ठेवून दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आणा.

राहिली नंबरप्लेट. भावाने नियम पुरता वाचलेला दिसत नाही. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. कॉलेज गेलं, आणि काटेकोर बोलायचं तर येळवसही गेली. तुम्हाला गाडी चालवायची आहे ना? मग साधी नोंदणीच ठेवा आणि तिचं वेळच्या वेळी नूतनीकरण करा. त्याहून निकडीचं, आरसी बाबांच्याच नावावर आहे का? मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि गाडी ताब्यात आल्यापासून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं. मुदत उलटली असली तरी या आठवड्यात जाऊन या. अपघात झालाच तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न हाच विचारतील.

कॉलेजची वेळ बदलून घेता आली तर अकराच्या तासाला खुशाल ही गाडी न्या. नसेल तर साडेसहाला स्कूटी किंवा बस, आणि रविवार या गाडीचा. कॉलेजात ती झाडाखाली न लावता पत्र्याच्या शेडमध्ये लावा. फेब्रुवारी उजाडला की घरीही वर पक्का पत्रा हवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही, आणि कापडी टपाला एक गारही पुरते.